‘आम्ही’ की ‘आपण’? : ‘रॅमर जॅमर यलो हॅमर’मधील चाहत्याचा विजयोत्सव

प्रास्ताविक

क्रीडाविषयक लेखनात खेळाडूंची चरित्रे, प्रशिक्षकांची आत्मकथने आणि गाजलेल्या सामन्यांची वर्णने विपुल आढळतात. प्रेक्षागारात बसून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या माणसाला मात्र ग्रंथविषय होण्याचा मान क्वचितच मिळाला आहे. अमेरिकन पत्रकार वॉरेन सेंट जॉन यांचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘रॅमर जॅमर यलो हॅमर’ हे पुस्तक या दृष्टीने लक्षणीय ठरते. अ‍ॅलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या १९९९ च्या हंगामात सेंट जॉन त्या संघाच्या चाहत्यांबरोबर गावोगाव हिंडले. त्या भ्रमंतीचे हे निवेदन होय. याच हंगामात अ‍ॅलाबामाने साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे अजिंक्यपद मिळविले. प्रस्तुत लेखात या पुस्तकाचा विचार एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे. संघ जिंकल्यावर चाहता ‘वी वन’ असे म्हणतो, तेव्हा त्या प्रथमपुरुषी अनेकवचनात नेमके कोण सामावलेले असते?

हा प्रश्न मराठीतून अधिक नेमकेपणाने विचारता येतो. इंग्रजीत ‘वी’ हे एकच सर्वनाम आहे. मराठीत श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ अशी दोन रूपे आहेत. ‘आपण जिंकलो’ आणि ‘आम्ही जिंकलो’ ही दोन्ही विधाने एकाच घटनेविषयी असू शकतात; परंतु ती एकाच माणसाला उद्देशून करता येत नाहीत. उद्या या पुस्तकाचा मराठी अनुवाद करावयाचे कोणी मनावर घेतले, तर प्रत्येक ‘वी’पाशी त्याला थांबून निवड करावी लागेल, आणि ती निवड केवळ व्याकरणाची राहणार नाही.

कॉन्फरन्स आणि तिचे चाहते

येथे ‘फुटबॉल’ म्हणजे आपल्याकडे त्या नावाने परिचित असलेला खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा फेकून, शिरस्त्राण व खांद्यावर कवच घातलेल्या प्रतिस्पर्ध्यांना चुकवीत वा धडक देत इंचाइंचाने पुढे सरकण्याचा हा अमेरिकन खेळ आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना बहुधा खेळाडूंचे मित्र आणि क्रीडाशिक्षक यांच्यापलीकडे प्रेक्षक नसतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मात्र विद्यापीठाचा संघ ही सबंध राज्याची भावनिक मालमत्ता असते. टस्कलूसा येथील अ‍ॅलाबामाच्या ब्रायंट-डेनी स्टेडियमची आसनक्षमता १९९९ मध्येच ८० हजारांहून अधिक होती. आज ती १ लाखाच्या वर आहे. अ‍ॅलाबामा राज्याला मोठ्या राष्ट्रीय व्यावसायिक लीगमधील एकही संघ लाभलेला नाही, हे या निष्ठेचे एक साधे कारण. पण तेवढेच कारण नाही. १ जानेवारी १९२६ रोजी अ‍ॅलाबामाने कॅलिफोर्नियातील रोझ बोल सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाचा २०–१९ असा पराभव केला, तेव्हा यादवी युद्धातील पराभवाचे आणि नंतरच्या दारिद्र्याचे शल्य बाळगणाऱ्या दक्षिणेने तो स्वतःचा विजय मानला. अ‍ॅलाबामाच्या चाहत्याचे ‘वी’ इतके जुने आहे.

कॉन्फरन्स म्हणजे एका प्रदेशातील विद्यापीठांचा, आपसांत नियमित सामने खेळणारा संघसमूह. साउथईस्टर्न कॉन्फरन्सची स्थापना १९३२ मध्ये झाली. सदस्यसंख्या १२ वर गेल्यानंतर तिचे दोन विभाग पाडण्यात आले आणि १९९२ पासून विभागविजेत्यांत अजिंक्यपदाचा स्वतंत्र सामना सुरू झाला. बर्मिंगहॅममधील त्या पहिल्या सामन्यात अ‍ॅलाबामाने फ्लॉरिडाला २८–२१ असे हरविले होते. १९९४ पासून हा सामना अटलांटात होतो. राष्ट्रीय अजिंक्यपदाची प्रतिष्ठा मोठी असली, तरी कॉन्फरन्सच्या अजिंक्यपदाला एक वेगळी धार असते. येथे हरणारा दूरदेशीचा अनोळखी संघ नसून शेजारच्या राज्याचा, कधी तर त्याच राज्याचा असतो. त्याचा चाहता कचेरीत शेजारच्या टेबलाशी बसतो किंवा घरचा जावई असतो. म्हणजे ‘आम्ही जिंकलो’ हे ज्याला ऐकवायचे, तो श्रोता सोमवारी सकाळी हाताशी असतो.

विश्वासू निरीक्षक

सेंट जॉन यांचा जन्म बर्मिंगहॅमचा. शिक्षण न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. कोलंबियाच्या फुटबॉल संघाने सलग ४४ सामने हरण्याचा विक्रम केला होता आणि ती मालिका १९८८ मध्ये कशीबशी खंडित झाली. खेळाबाबत उदासीन अशा त्या वातावरणात आपली अ‍ॅलाबामानिष्ठा ही एक विचित्र व्याधी आहे, असे या तरुणाला वाटू लागले नसते तरच नवल. पुस्तकाचे मूळ या अस्वस्थतेत आहे. आपल्याशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या खेळाने आपले सुखदुःख का ठरवावे, हा त्याचा आरंभबिंदू.

उत्तर शोधण्यासाठी लेखक आर.व्ही. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या मोटारगाड्यांतून संघामागे फिरणाऱ्या चाहत्यांच्या तांड्यात सामील होतो. प्रारंभी तो इतरांच्या गाड्यांतून प्रवास करतो, पुढे स्वतःच एक जुनाट आर.व्ही. विकत घेतो. या तांड्यात त्याला भेटणारी माणसे कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी आहेत. अ‍ॅलाबामाचा सामना त्याच दिवशी असल्याने पोटच्या मुलीच्या लग्नाला न गेलेले एक दांपत्य. विवाहविधी चालवीत असताना वेदीशेजारी दूरचित्रवाणी संच ठेवून सामना पाहणारा एक धर्मोपदेशक. हृदयरोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव असूनही सामने न चुकविणारा एक रुग्ण. चांगल्या जागांची तिकिटे हाती असल्यामुळे राज्यपालाच्या तोडीची सत्ता गाजविणारा तिकिटांचा दलाल. अशा माणसांची टिंगल करणे अतिशय सोपे होते. सेंट जॉन ते करीत नाहीत, हा या पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण. लग्न चुकविणाऱ्या दांपत्याकडे पाहताना त्यांचा विनोद स्वतःकडेही वळतो, कारण ‘यांच्यात आणि आपल्यात अंतर किती?’ ही शंका त्यांना सोडत नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखाची आठवण होणे स्वाभाविक आहे. चालत्या समूहात स्वतः सामील होऊन त्याचे निरीक्षण करणे, ही रीत दोन्हीकडे समान आहे. तथापि इरावतीबाई समाजशास्त्रज्ञ म्हणून वारीत शिरल्या आणि हळूहळू त्या अनुभवाने वेढल्या गेल्या. सेंट जॉन यांचा प्रवास उलट दिशेचा आहे. ते आधी भक्त आहेत आणि निरीक्षकाची भूमिका त्यांना प्रयत्नाने घ्यावी लागते. याहून मोठा भेद दोन समूहांतच आहे. आर.व्ही.च्या तांड्याला ‘यात्रा’ म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु पंढरपूरला पोहोचलेल्या वारकऱ्याच्या आनंदासाठी कोणी पराभूत व्हावे लागत नाही. वारीला प्रतिपक्ष नसतो. अ‍ॅलाबामाच्या यात्रेला तो दर शनिवारी लागतो, आणि त्याच्या पराभवावाचून यात्रा सुफळ होत नाही. उपमेची मर्यादा येथे स्पष्ट होते.

१९९९ चा हंगाम

त्या हंगामाची रचना एखाद्या नाटककाराने केल्यासारखी आहे. १८ सप्टेंबर रोजी बर्मिंगहॅममध्ये लुईझियाना टेक या तुलनेने दुय्यम संघाने शेवटच्या क्षणांत अ‍ॅलाबामाला २९–२८ असे नमविले आणि प्रशिक्षक माइक डुबोस यांना दूर करण्याची मागणी जोर धरू लागली. दोनच आठवड्यांनी, २ ऑक्टोबरला, गेन्सव्हिल येथे फ्लॉरिडाविरुद्धचा सामना होता. फ्लॉरिडाने घरच्या मैदानावर सलग ३० सामने जिंकलेले होते. सामना जादा वेळेत गेला. फ्लॉरिडाने गुण नोंदविला, पण त्यानंतरची अतिरिक्त एका गुणाची किक हुकली. मग अ‍ॅलाबामाच्या शॉन अलेक्झांडरने चेंडू घेऊन २५ यार्डांची धाव घेत बरोबरी साधली. आणि अ‍ॅलाबामाचीही किक हुकली! परंतु फ्लॉरिडाचा खेळाडू वेळेआधी रेषा ओलांडून गेल्याने ती पुन्हा घ्यावी लागली. दुसऱ्या खेपेस ती साधली : ४०–३९. पुढे टेनेसीकडून २१–७ असा पराभव, ऑबर्नच्या मैदानावर त्यांच्याविरुद्ध २८–१७ असा तेथील पहिलावहिला विजय, आणि अखेर ४ डिसेंबरला अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये पुन्हा फ्लॉरिडा.

अजिंक्यपदाच्या या सामन्यात फ्लॉरिडाने प्रथम आघाडी घेतली. त्यानंतरचे सर्व गुण अ‍ॅलाबामाचे होते. चौथ्या सत्रात फ्रेडी मिलन्सने ७७ यार्डांची धाव घेतली, तिच्यानंतर लगोलग बचावफळीने प्रतिस्पर्ध्याचा पास अडवून आणखी गुण मिळविले आणि सामन्यातील उत्कंठा संपली. निकाल ३४–७. अ‍ॅलाबामाचे हे कॉन्फरन्सचे २१ वे अजिंक्यपद.

उत्कंठा संपल्यानंतरचा, पण सामना संपण्यापूर्वीचा हा काळ चाहत्याच्या दृष्टीने अभ्यासनीय आहे. खेळाडूंना अजून खेळावयाचे असते. चाहत्याचे काम मात्र पूर्ण झालेले असते. पुस्तकाच्या शीर्षकातील घोषणा नेमक्या याच काळात दिली जाते. ‘रॅमर-जॅमर’ हे विद्यापीठातील एका जुन्या विद्यार्थी-नियतकालिकाचे नाव, तर ‘यलोहॅमर’ हा अ‍ॅलाबामाचा राज्यपक्षी, पंखांखाली पिवळी झाक असलेला एक सुतारपक्षी. दोहोंना जोडून झालेली ही घोषणा विजय निश्चित झाल्यावर हजारो कंठांतून उठते आणि हरणाऱ्या संघाला नाव घेऊन त्याचा पराभव ऐकविते. ती स्वतःच्या संघाला उद्देशून नाही, प्रतिपक्षाला उद्देशून आहे. मराठीत तिचे सर्वनाम निःसंशय ‘आम्ही’ असेल. सेंट जॉन यांनी पुस्तकाला हेच नाव द्यावे, यात त्यांच्या विषयाचे मर्म आपोआप उघड झाले आहे. आर.व्ही.च्या तळावरील आपुलकी, एकमेकांच्या ताटात वाढले जाणारे मांस, अनोळखी माणसाला गाडीत दिलेली जागा, हे सारे ‘आपण’चे जग आहे, शीर्षक मात्र ‘आम्ही’चे आहे. पुस्तकाचा जिव्हाळा पहिल्यात गुंतलेला आहे आणि त्याची ऊर्जा दुसऱ्यातून येते. हा ताण लेखकाला जाणवतो, परंतु तो त्याचा पुरता पाठपुरावा करीत नाही. पराभवानंतरच्या पृष्ठांत चौकस असलेला पत्रकार विजयाच्या प्रसंगी मागे सरतो आणि चाहता लेखणी हाती घेतो. ते प्रामाणिक आहे. समीक्षेच्या दृष्टीने मात्र तेथेच उणीव राहते.

‘आम्ही जिंकलो, ते हरले’

चाहत्याच्या सर्वनामाचा शास्त्रीय अभ्यास पूर्वीच झालेला आहे. सामाजिक मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चिआल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात सात विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे निरीक्षण नोंदविले आहे. आपला फुटबॉल संघ शनिवारी जिंकला असेल, तर सोमवारी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घालून वर्गात येणाऱ्यांचे प्रमाण वाढे. दूरध्वनीवरून सामन्याचा निकाल सांगण्यास सांगितले असता, विजयाबाबत ‘आम्ही’ आणि पराभवाबाबत ‘ते’ अशी विभागणी दिसून आली. विशेष म्हणजे, ज्यांना नुकत्याच घेतलेल्या एका छोट्या चाचणीत अपयश आल्याचे सांगितले गेले होते, त्यांच्यात ही प्रवृत्ती अधिक होती. परकीय यशाच्या प्रकाशात उजळून निघण्याची गरज ज्याच्याकडे स्वतःचा प्रकाश कमी, त्याला अधिक भासते, असा याचा आशय.

हे निरीक्षण मार्मिक असले तरी सेंट जॉन यांच्या माणसांना ते पूर्णतः लागू पडत नाही. विजयानंतरच अंगरखा चढविणारा विद्यार्थी आणि हृदयाच्या प्रतीक्षेत असूनही लुईझियाना टेककडून झालेल्या पराभवानंतर पुढच्या शनिवारी पुन्हा गाडी काढणारा माणूस यांच्यात गुणात्मक फरक आहे. तांड्यातील चाहता हरल्यावरही ‘आम्ही’च म्हणतो, फार तर प्रशिक्षकाला त्या ‘आम्ही’तून बाहेर काढतो. डुबोस यांना हटविण्याची सप्टेंबरमधील मागणी आणि डिसेंबरमधील जल्लोष यांत म्हणूनच विसंगती नाही.

फ्रेडरिक एक्सली यांची ‘अ फॅन्स नोट्स’ (१९६८) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी या संदर्भात तुलनेस घेण्याजोगी आहे. न्यू यॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघाचा चाहता असलेला तिचा नायक शेवटी या कटू जाणिवेपर्यंत येतो, की आपल्या वाट्याला प्रेक्षकाचेच आयुष्य आले आहे. एक्सलींचा चाहता एकटा आहे, मद्यासक्त आहे. त्याच्या ‘आम्ही’ला दुसरा माणूसच नाही. सेंट जॉन यांनी चाहतेपणाला मैत्रीची आणि शेजाराची बाजू मिळवून दिली. एक्सलींच्या एकाकी नायकाशेजारी ठेवल्यावरच ती बाजू किती मोलाची आहे हे ध्यानात येते. मात्र एक्सलींना आपल्या आणि खेळाडूच्या आयुष्यातील दरीची जी तीव्र जाणीव होती, ती आर.व्ही.च्या तळावरील ऊबदार सहवासात विरघळून जाते.

‘आपण’च्या बाहेर

ती दरी अ‍ॅलाबामात केवळ वैयक्तिक नाही. ११ जून १९६३ रोजी राज्यपाल जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रवेश अडविण्यासाठी याच विद्यापीठाच्या फॉस्टर ऑडिटोरियमच्या दारात उभे राहिले होते. त्याच काळात, १९६१, १९६४ आणि १९६५ मध्ये, पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांच्या प्रशिक्षणाखाली अ‍ॅलाबामाने राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. त्या संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १२ सप्टेंबर १९७० रोजी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मिश्रवर्णीय संघाने बर्मिंगहॅममध्ये येऊन अ‍ॅलाबामाला ४२–२१ असे हरविले. या एका सामन्याने दक्षिणेचे मन पालटले, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. वस्तुतः ब्रायंट यांनी त्याआधीच विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला शिष्यवृत्तीवर घेतले होते, तर केंटकी विद्यापीठाने १९६७ मध्येच या कॉन्फरन्समधील वर्णभेदाची भिंत ओलांडली होती. आख्यायिका टिकली याचे कारण उघड आहे. तिच्यात न्यायालयाला, विद्यार्थ्यांना किंवा आंदोलकांना श्रेय द्यावे लागत नाही. फुटबॉललाच द्यावे लागते.

१९९९ च्या अजिंक्यपदात निर्णायक ठरलेले अलेक्झांडर आणि मिलन्स हे दोघेही कृष्णवर्णीय. त्यांच्या धावांवर उसळणारा आर.व्ही.चा तांडा बहुतांशी गोरा. चाहत्याच्या ‘वी’मध्ये मिलन्स ७७ यार्ड धावत असेतोवर निश्चितच होता. सामना संपल्यावर वाहनतळावर पेटलेल्या शेगडीभोवती तो त्याच ‘वी’त राहतो काय? मराठीत हा प्रश्न लपविता येत नाही. मिलन्सकडे पाहून चाहत्याने ‘आपण जिंकलो’ म्हणावे, तर त्या विधानात एक प्रकारची सलगी गृहीत धरलेली आहे. आणि मिलन्सविषयी बोलताना ‘आम्ही जिंकलो’ म्हणावे, तर जिंकणाराच वगळला जाण्याचा धोका आहे. इरावतीबाईंनी वारीत एकाच विठ्ठलाचे नाव घेणाऱ्यांच्या जातवार वेगळ्या पंगती पाहिल्या आणि त्या बोचल्याची नोंद केली. सेंट जॉन यांच्या पुस्तकाचा भर या बोचणीवर नाही. त्यांचा मुख्य विषय पंगतीतील माणसे हा आहे. पंगतीबाहेरचे कोण, हे शोधण्याची जबाबदारी वाचकावर पडते.

यात वर्णाबरोबर पैशाचाही प्रश्न आहे. १९९९ मध्ये खेळाडूंना शिष्यवृत्तीखेरीज मोबदला घेण्यास मज्जाव होता. तिकिटे, दूरचित्रवाणी हक्क आणि अंगरखे यांचे उत्पन्न विद्यापीठाचे. २००७ मध्ये अ‍ॅलाबामाने निक सेबन यांना वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर देऊन प्रशिक्षक म्हणून आणले, तेव्हाही मैदानावरील मुलांच्या स्थितीत फरक नव्हता. ही व्यवस्था आता मोडली आहे. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ० असा निर्णय खेळाडूंच्या बाजूने दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची त्यांना मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंत वाटू शकतात. खेळाडूने विद्यापीठ बदलणेही पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर झाले आहे.

या बदलांनंतर सेंट जॉन यांचे पुस्तक वेगळ्या रीतीने वाचले जाते. जुन्या चाहत्यांची एक तक्रार आज वारंवार कानी पडते : पैसे घेऊन खेळणारी आणि पुढल्या वर्षी दुसरा गणवेश घालणारी ही मुले ‘आपली’ कशी? या तक्रारीत एक गृहीतक दडलेले आहे. ती विनामोबदला खेळत होती, तेव्हा मात्र आपली होती. त्या काळी हे ‘आपलेपण’ कोणी कोणाला विचारून ठरविले होते, याचा शोध घेण्यासाठी १९९९ च्या तांड्याचे इतके जवळून केलेले दुसरे चित्रण सहज मिळणार नाही.

अटलांटाच्या विजयानंतर महिनाभरातच, १ जानेवारी २००० रोजी, ऑरेंज बोल सामन्यात मिशिगनने अ‍ॅलाबामाला जादा वेळेत ३५–३४ असे हरविले. अ‍ॅलाबामाची अतिरिक्त एका गुणाची किक हुकली होती, आणि या खेपेस ती पुन्हा घेण्याची संधी मिळाली नाही. पुढील हंगामाच्या आरंभी देशात तिसऱ्या क्रमांकावर गणला गेलेला हा संघ ११ पैकी ८ सामने हरला व डुबोस यांना जावे लागले. जॉर्जिया डोम २०१७ मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आले. अजिंक्यपदाचा सामना आता त्याच्या शेजारीच उभारलेल्या नव्या स्टेडियममध्ये होतो. सेंट जॉन यांचे पुढचे पुस्तक, ‘आउटकास्ट्स युनायटेड’ (२००९), त्याच अटलांटाजवळच्या क्लार्कस्टन गावातील निर्वासित मुलांच्या सॉकर संघाविषयी आहे. अनेक देशांतून आलेल्या, एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या त्या मुलांच्या सामन्यांना आर.व्ही.चा तांडा येत नाही. तेथे चाहते जवळजवळ नाहीतच. जे ‘आपण’ आहे, ते मैदानावर खेळणाऱ्यांनीच जमविलेले आहे.